फ्लाइट लेफ्टनंट आंधळे, मुक्काम निघोजे

विजयश्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भांडत होती. वय असेल तेरा-चौदा. अंगावर शाळेचा ड्रेस, हातात चपात्यांचा डबा आणि समोर पाटावर बसलेला कोल्हापूरचा दिग्विजय, पैलवानी अंगाचा गडी. दिग्विजयनं भात झाल्यावर पुन्हा चपाती मागितली होती आणि असला उलटा माणूस आपण बघितला नाही असं विजयश्रीचं म्हणणं होतं.

"दादा, गाडी रिव्हर्समध्ये टाकायची तर आधी हॉर्न द्यायचा. मी डबा झाकून ठेवला होता ना!"

सगळी मेस हसली. दिग्विजयही हसला आणि त्याला चपाती मिळाली.

मी तेव्हा देवरुखहून नुकताच आलो होतो. चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटलो होतो आणि निघोज्यात भिमाजी आबांच्या चाळीतली एक खोली आम्ही चौघांनी मिळून घेतली होती. भिमाजी आबा मूळ गावचे. कंपन्या आल्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्यांची लांबच लांब रांग उठवली आणि मागच्या मोकळ्या जागेत भंगाराचा धंदा टाकला. खोल्यांच्या टोकाला रुपालीकाकूंची मेस. काकू आणि त्यांचे यजमान नवनाथकाका पाथर्डीकडचे. काका प्रेस शॉपमध्ये कामाला होते. मोठमोठ्या प्रेसच्या धडधडाटात वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. कुणी बोललं की ते आधी हसायचे आणि मग "काय म्हणला?" असं विचारायचे. विजयश्री त्यांची एकुलती एक. आडनाव आंधळे.

घरात मेस असून पोरीला स्वयंपाक येत नव्हता, आणि येत नाही याचं तिला काही वाटतही नव्हतं. तिनं लाटलेल्या चपातीला दिग्विजय "गुजरातचा नकाशा" म्हणायचा. वाढायला मात्र ती पटाईत होती. कोणाची सेकंड शिफ्ट आहे, कोण ओव्हरटाइमला थांबलाय, कोणाचं घरी भांडण झाल्यामुळे जेवण कमी झालंय, हे तिला बरोबर कळायचं. आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतून माणूस जेवायला यावा. अर्थात घरात काका असल्यावर तो आवाज कमावणं भागच होतं.

लोहगावची लढाऊ विमानं अधूनमधून आमच्या पत्र्यावरून जायची. नाइट शिफ्ट करून झोपलेली पोरं शिव्या देत उठायची. विजयश्री मात्र हातातलं टाकून बाहेर पळायची आणि विमान दिसेनासं झालं तरी मान वर करून उभी राहायची. त्यात आम्हाला काही विशेष वाटलं नाही. लहान पोरं बघतातच विमान.

बारावीनंतर ती राजगुरुनगरच्या कॉलेजात बीएस्सीला गेली आणि एनसीसीत भरती झाली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या तुकडीला एका हवाई तळावर नेलं होतं. तिथल्या एका अधिकाऱ्यानं मुलांना उभ्या हेलिकॉप्टरमध्ये बसू दिलं. बाकीची मुलं फोटो काढून उतरली. ही उतरेनाच. शेवटी त्यानं विचारलं, "बेटा, घर नहीं जाना?" तर ही म्हणाली, "सर, पहले ये बताइए, चालू कैसे होता है?"

त्या संध्याकाळी आम्ही जेवत असताना तिनं जाहीर केलं, "पप्पा, मी पायलट होणार."

काका ताटातून मान वर न करता म्हणाले, "कोणत्या पार्टचा?"

कंपनीत नवा पार्ट सुरू करायचा असला की आधी थोडा माल काढून बघतात. त्याला पायलट लॉट म्हणतात. काकांना पायलट माहीत होता तो एवढाच.

"पार्टचा नाही पप्पा! हेलिकॉप्टरचा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

काकांनी आता मान वर केली. विचार करून म्हणाले, "हेलिकॉप्टरचे पार्ट आपल्याकडं कुठं बनत्यात?"

दिग्विजयला ठसका लागला. त्याला पाणी देईपर्यंत विषय राहूनच गेला. रुपालीकाकूंना मात्र पहिल्याच झटक्यात समजलं होतं. तव्यावरची भाकरी उलटत त्यांनी एवढंच विचारलं, "आन् पडलं म्हंजी?"

"मम्मी, तळेगाव रोडला रोज ट्रक उलटतात. म्हणून तू पप्पांना कंपनीत जाऊ नका म्हणतेस का?"

काकूंनी पुढची भाकरी थापायला घेतली. त्याच रस्त्यानं रोज जाणारे आम्हीही ताटात बघायला लागलो.

हवाई दलाची लेखी परीक्षा ती पहिल्याच दमात पास झाली. पुढची निवड म्हैसूरला होती. तिथून आली ती तोंड पाडून. संध्याकाळी ताटं मांडताना दिग्विजयनंच विषय काढला.

"काय विचारलं काय एवढं?"

"विचारायचं काय! फळी, दोर आणि पिंप देतात. सगळ्यांनी मिळून या टोकाकडून त्या टोकाला जायचं, मधे जमिनीला पाय लावायचा नाही. कसं जायचं ते मला लगेच समजलं. मी सांगत होते ते बरोबर होतं, दादा."

"मग?"

"कोणी ऐकलंच नाही."

"मग काय उपयोग, राव? आमचा सुपरवायझर पण बरोबरच सांगतो."

ती आधी चिडली. मग जरा वेळानं भाजीची वाटी त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, "गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते ना?"

आमच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी. तेव्हापासून आमचा गुरुवार गेला. भंगाराच्या जागेत तिनं पिंपं लावली, पॅकिंगच्या फळ्या आणल्या, एक जाडजूड दोर मिळवला आणि आम्हा सगळ्यांना तुकडीत भरती केलं. त्यात मराठवाड्यातले, खानदेशातले, बिहारचा एक वेल्डर आणि कोकणातला मी. प्रत्येकाला अक्कल सांगायची सवय आणि ऐकायची कोणालाच नाही. निवड मंडळालासुद्धा असली टोळी मिळाली नसती.

पहिल्याच दिवशी भिमाजी आबा धोतराचा सोगा सावरत आले.

"आरं, काय चाललंय ह्ये? माझी पिपं कुटं निघाली?"

"आबा, पाय काढा! ती जमीन नाही, नदी आहे," विजयश्री फळीवरून ओरडली.

"हितं बोअरला पाणी न्हाई आन् नदी कुठली गं!"

पण ते गेले नाहीत. चुलीपुढे बसावं तसे एका टायरवर बसून बघत राहिले. तासाभरानं उठले आणि म्हणाले, "आमी बी येतू." धोतर खोचून फळीवर चढले, दिग्विजयच्या खांद्याला धरून दोन पावलं गेले आणि दोघंही नदीत पडले. पडल्या जागी आबा इतके हसले की त्यांच्या सुनेला वाटलं, म्हातारा रडतोय. ती धावत आली.

अशा कितीतरी गुरुवारांत मला एक दिसत गेलं. आधी विजयश्री नुसती हुकूम सोडायची. मग ती विचारायला लागली. मला म्हणायची, "सुरेंद्रदादा, तुम्ही हलके आहात, तुम्ही आधी जाल का?" "दिग्विजयदादा, तुमच्याशिवाय हे पिंप कोणाला हलणार आहे?" आणि दिग्विजय, जो घरी बापाचं ऐकत नसे, तो पिंप उचलून मुकाट उभा राहायचा. ही पोरगी आपल्याला गोड बोलून वापरतेय हे आम्हाला कळत होतं आणि तरी आम्ही जात होतो.

जेवताना दुसरा तास. निवडीत एखाद्या विषयावर तीन मिनिटं इंग्रजीत बोलावं लागतं. विषय आम्ही द्यायचे. भारताचं परराष्ट्र धोरण वगैरे मी द्यायचो. दिग्विजयनं दिलेला विषय होता, महिनाअखेरीला आमटीत पाणी का वाढतं. ती हातात डाव घेऊन उभी राहिली आणि त्यावर अस्खलित तीन मिनिटं बोलली. काकूंना इंग्रजी कळत नव्हतं, पण आमच्या हसण्यावरून विषय कळला. दुसऱ्या दिवशी आमटी खरंच घट्ट होती.

दुसऱ्या वेळी तिची निवड झाली. डेहराडूनहून फोन आला तेव्हा मी सेकंड शिफ्टला लाइनवर होतो. फोन लॉकरमध्ये. बाहेर येऊन बघतो तर दिग्विजयचे इतके मिस्ड कॉल की मला वाटलं खोलीला आग लागली.

मेडिकल बाकी होतं. पायलटला उंची लागते, पायांची लांबीसुद्धा मोजतात. आपण काठावर आहोत असं तिनं मनात घेतलं आणि आबांच्या चिंचेला रोज सकाळी लोंबकळायला लागली. उंची वाढली की नाही देव जाणे, पण फांदी वाकली ती वाकलीच. मेडिकलला डोळे तपासणारा डॉक्टर नेमका मराठी निघाला. त्यानं कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आंधळे? डोळे तपासायला आंधळे?"

"सर, आडनाव पप्पांचं आहे. डोळे माझे आहेत."

डॉक्टर हसला आणि शेवटची ओळ तिनं नीट वाचल्यावर "शाब्बास, आंधळे" म्हणाला. हा किस्सा तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितला, की डॉक्टरच्या मिशा कशा होत्या हेही मी सांगू शकेन.

हैदराबादजवळच्या अकादमीतून ती रविवारी फोन करायची. काकू फोन स्पीकरवर टाकायच्या, म्हणजे काकांनाही ऐकू जावं. अर्थात त्यामुळे सगळ्या मेसलाच ऐकू जायचं. एकदा ती आनंदानं किंचाळलीच, "मम्मी! माझं सोलो झालं! मी एकटीनं विमान उडवलं!"

"एकटीनं?" काकूंचा आवाज चढला. "सोबत कोणी मोठं माणूस नव्हतं का? असं कसं पाठवलं त्यांनी?"

पासिंग आउटला काका-काकू गेले. परेडनंतर आईबापांनी मुलांच्या खांद्यावर पट्ट्या लावायच्या असतात. काकांनी एका खांद्यावरची पट्टी लावली आणि दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघत राहिले.

"पप्पा, उलटी लागली," ती कुजबुजली.

"काय म्हणली?"

"उलटी!"

"उलटी होतीय? पाणी आणू?"

ओळीतले सगळे नवे अधिकारी माना वळवून बघायला लागले. आमच्याकडे तो व्हिडिओ आहे. त्यात ती एवढी हसतेय की टोपी सावरायला काकूंना हात लावावा लागला.

ती पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. भिमाजी आबांचा फोटो मोठा, तिचा कोपऱ्यात, आणि मधोमध कुठल्यातरी परदेशी कंपनीचं भलंमोठं प्रवासी विमान. ती त्याच्याखाली उभी राहून म्हणाली, "आबा, हे विमान मला देणार आहात का?"

"पसंत न्हाई व्हय? दुसरं लावाय सांगतू फ्लेक्सवाल्याला."

पुढे तिला हेलिकॉप्टरं मिळाली. ती उडवायला आधी हकिमपेटला शिकली, मग ईशान्येकडे नेमणूक, मग उत्तरेला डोंगरात. उंचावरच्या ठाण्यांना रसद पोचवायची, आजारी जवानांना खाली आणायचं, रस्ता बंद असला की गावकऱ्यांनाही. एका गर्भार बाईला दवाखान्यात नेताना बाळ हेलिकॉप्टरमध्येच जन्मलं, तेव्हा ही समोर बघून उडवत होती आणि मागे वळून बघता येत नाही म्हणून तडफडत होती. "दादा, रडल्याचा आवाजसुद्धा आला नाही इंजिनमुळे. उतरल्यावर बघते तर मागे एक माणूस जास्त!"

एव्हाना माझं लग्न झालं होतं आणि मी चिंचवडला राहायला गेलो होतो. दिग्विजयनं स्वतःचा टेम्पो घेतला होता. पण ती आली की आम्ही गुरुवारी मेसवर जमायचोच. ती फ्लाइट लेफ्टनंट झाली होती आणि तरी डबा घेऊन वाढायला उभी राहायची. काकूंनी आता स्थळं बघायला सुरुवात केली होती. रावेतला फ्लॅट असलेलं एक चांगलं घर आलं. मुलगा शांत होता, आई सगळं विचारत होती. बदली पुण्याला करून घेता येईल का, असंही त्यांनी विचारलं.

विजयश्री अगदी नम्रपणे म्हणाली, "बदलीचं माहीत नाही, पण मी रोज हेलिकॉप्टर घेऊन रावेतला यायला तयार आहे. तेवढं सोसायटीनं पार्किंग द्यावं."

स्थळ गेलं. तो मुलगा मात्र जाताना गाडीपाशी एकटाच हसत होता, असं दिग्विजयनं पाहिलं.

मग त्या उन्हाळ्यात उत्तरेच्या सीमेवर लढाई पेटली.

मेसमधला टीव्ही दिवसभर चालू राहायला लागला. पोरं जेवताना बोलेनाशी झाली. काकूंनी बातम्यांचा आवाज बंद करून नुसती चित्रं ठेवली, कारण निवेदकांचं ओरडणं त्यांना सोसवेना. काका तसेही चित्रंच बघायचे. विजयश्रीचा फोन यायचा तो अगदी थोडका. ती कुठं आहे, काय करते, हे सांगत नसे. आणि काकू विचारतही नसत. त्यांचे प्रश्न वेगळे.

"काय जेवली?"

"खिचडी."

"तूप होतं का?"

"मम्मी, इथं लढाई चालू आहे."

"मग? लढाईत तूप चालत नाही?"

ती हसायची. ते हसणं ऐकलं की मेसमध्ये पुन्हा गलका सुरू व्हायचा.

एका गुरुवारी दुपारी मी तिथंच होतो. पंगत बसली होती. दारात गाडी थांबली आणि हवाई दलाच्या गणवेशातले दोघं उतरले, एक वयस्क अधिकारी आणि एक तरुण मुलगी. काकू हात पुसत पुढे गेल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"या, या. विजूनं पाठवलं ना? बसा. आधी जेवून घ्या, मग बोलू."

त्यांनी दोन ताटं मांडलीसुद्धा. ती मुलगी उभीच राहिली. शेवटी तो अधिकारी टोपी काढून अगदी हळू आवाजात बोलला. काकूंनी ऐकलं आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. काकांना ऐकू गेलं नव्हतं. ते सवयीनं हसले आणि माझ्याकडे वळले.

"सुरेंद्र, काय म्हणत्यात?"

ते मला त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगावं लागलं. दुसरं कोणीच उठलं नाही. आयुष्यात ते वाक्य मला पुन्हा म्हणायचं नाही, म्हणून इथं लिहीतही नाही.

विजयश्री सत्तावीस वर्षांची होती.

तिला निघोज्यात आणलं त्या दिवशी कंपन्यांमधून पोरं शिफ्ट सोडून आली. चाकणपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, हिरव्या-निळ्या कंपनीच्या शर्टांत, गळ्यात ओळखपत्रं लटकवून. त्यातल्या कितीजणांनी कधी ना कधी तिनं वाढलेली चपाती खाल्ली असेल. भिमाजी आबा काठी टेकत सगळी वाट चालले आणि कोणी हात दिला तर झिडकारत राहिले. दिग्विजय माझ्या शेजारी होता.

मेस तेरा दिवस बंद होती. चौदाव्या दिवशी सकाळी काकूंनी चूल पेटवली. कोणी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "पोरं वडापाववर हायेत तेव्हापासून. आजारी पडतील."

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मेसवर एक जोडपं आलं. तरुण माणूस, बगलेत कुबडी. त्यानं स्वतःचं नाव हिंदुराव सांगितलं. चंदगडचा. पायदळात जवान. त्या दिवशी विजयश्रीनं खाली आणलेला जखमी तोच होता. दवाखान्यातून सुटल्यावर आधी घरी गेला आणि मग बायकोला घेऊन पत्ता शोधत इथं आला.

तो बसला. काकूंनी त्याला जेवू घातलं. मग काका त्याच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि म्हणाले, "मोठ्यानं सांग बाबा. सगळं सांग."

हिंदुरावनं सांगितलं. वरच्या ठाण्यावर तोफांचा मारा चालू होता. त्याची मांडी फुटली होती. ढग होते, कोणी येईल असं वाटत नव्हतं. तरी हेलिकॉप्टर आलं. पंखा फिरताच होता, जेमतेम टेकलं आणि जवानांनी त्याला उचलून मागे ठेवलं. तो वेदनेनं "आई गं" म्हणून ओरडला. तेव्हा पुढच्या सीटवरून मॅडम वळल्या.

"मला वाटलं काय तरी धीर देत्याली," हिंदुराव म्हणाला. "तर मराठीत वरडून इचारत्यात, 'भाऊ, काय खाल्लंयस का?' मी मान हलवली, न्हाई. तर म्हणत्यात, 'बरं झालं! मागच्या वेळी एकानं ओकून माझ्या हेलिकॉप्टरचं पार वाटोळं केलं!'"

काकूंच्या तोंडून हसू फुटलं. तोंडावर पदर धरून त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका "काय? काय म्हणली?" करत होते. हिंदुरावनं ते पुन्हा ओरडून सांगितलं आणि काकाही हसले.

"मी बी हसलो हुतो," हिंदुराव म्हणाला. "त्या तसल्यात. बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटंना."

पुढचं त्यानं खाली बघत सांगितलं. ठाण्यावरून उठता उठताच जवळ गोळा फुटला. काच गेली. मॅडमना लागलं, पण त्यांनी यंत्र डोंगराच्या आडोशाला नेलं आणि तिथून शेजारच्या साहेबांनी ताबा घेतला. ते दोघंही पोचले, हिंदुराव आणि साहेब. मॅडमना खाली उतरवलं तेव्हा त्या शुद्धीत होत्या. डॉक्टरला त्यांनी आधी मागच्या पेशंटकडे जायला सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

"तरास झाला का तिला लई?" काकूंनी विचारलं.

"न्हाई, काकी," तो म्हणाला. खरं असेल, नसेल. काकूंनी मान हलवली आणि त्याच्या बायकोच्या ओटीत खण-नारळ घातला. ती पोटुशी होती.

पुढच्या वर्षी दिल्लीला तिचं शौर्यपदक घ्यायला काका-काकूंना बोलावणं आलं. दोघांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून मीही माझं तिकीट काढलं. काकूंनी शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. तपासणीवाल्या मुलीनं डबा उघडायला लावला, तर काकूंनी तिला एक धपाटा देऊ केला. तिनं इकडं-तिकडं बघून तो घेतला, हे मी स्वतः पाहिलं.

विमानात काकूंना खिडकी दिली. काकांनी बसल्या बसल्या पट्टा आवळला आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली. विमान धावायला लागलं, वेग वाढला आणि चाकं सुटली. काका डोळे मिटून होते. मी काकूंकडे बघितलं, मला वाटलं त्या रडत असतील.

काकूंनी खिडकीला नाक लावलं होतं. खाली शेडची निळी छपरं, इंद्रायणीचं वळण आणि रस्त्यावर मुंगीसारखे ट्रक. विमान कलंडलं तशा त्या "अगं बाई!" म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

"सुरेंद्र," त्या माझा हात दाबत म्हणाल्या, "अरे, लई मजा येती की रे ह्यात!"

"येते ना, काकू."

"आन् ती सुट्टीवर यायची तर दोन दिवसांतच तिचं लक्ष उडायचं. मला राग यायचा. आईबापाजवळ करमत नाही का म्हणायची मी." त्या पुन्हा बाहेर बघायला लागल्या. "करमंल कसं? मी असते तर मी पण गेले असते."

मग त्यांनी काकांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "अहो, डोळे उघडा! बघा तरी!"

काकांनी एक डोळा उघडला.